संडासाचा पाइप आणि बाबांचा दमा

तिशी जवळ आली की आमच्या पिढीच्या आयटीवाल्यांना हाताने काहीतरी बनवायची तल्लफ येते. कुणी ब्रेड भाजतं, कुणी गच्चीवर टोमॅटो लावतं, कुणी कुंभाराच्या चाकावर बसून एक तिरका मग करतं आणि त्याचे चाळीस फोटो टाकतं. २०२० च्या लॉकडाऊननंतर या यादीत सुतारकामही आलं. माझ्या ओळखीतले किमान चार जण बाणेर-वाकडच्या बाल्कनीत ड्रिल आणि सँडर घेऊन बसलेत. टेबलं मस्त होतात, वादच नाही. आवाजावरून सोसायटीत जाम भांडणं होतात. धुळीवरून मात्र कुणी भांडत नाही, कारण ती झाडून टाकली की दिसत नाही.

माझा दादाही याच जातकुळीतला. फरक इतकाच की त्याने बाल्कनीवर भागवलं नाही, थेट गाव गाठलं. नऊ वर्षं हिंजवडीत कोड लिहिल्यावर तो २०२१ मध्ये लॅपटॉप, वहिनी आणि एक मांजर घेऊन चामोर्शीला परतला. ऑफिस आजही चालू आहे, फक्त आता ते घराच्या मधल्या खोलीत भरतं. चामोर्शी म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूरहून साधारण दोनशे किलोमीटर. बाहेरच्या माणसाला सांगताना आम्ही ‘मार्कंड्याच्या देवळाजवळ’ म्हणतो. वैनगंगेकाठची ती जुनी देवळं आणि महाशिवरात्रीची जत्रा लोकांना माहीत असते. आम्ही मात्र दोन गोष्टींवर वाढलो, धान आणि सागवान. इकडच्या सागवानाचा तोरा वेगळाच. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा चंद्रपुरात मिरवणूक निघाली होती. अशा मुलखात हातात करवत घ्यावीशी वाटणं यात हटके असं काही नाही.

दादाने परसातलं जुनं धानाचं कोठार रिकामं करून तिथे वर्कशॉप थाटलं. एक रंदा मशीन, म्हणजे एकाच शाफ्टवर रंदा, गोल करवत आणि ड्रिल असं ते आपल्याकडच्या सुतारांचं लाडकं थ्री-इन-वन. नंतर एक थिकनेसर आला. हाताचा सँडर होताच. शनिवार-रविवारी सकाळी आठ ते दुपारी एक हा सगळा ताफा सुरू. पहिल्या वर्षात एक झोपाळा, दोन पाट, वहिनीचं पुस्तकाचं कपाट आणि आईसाठी देवघर झालं. देवघर इतकं सुरेख की आईने शेजारणींना मुद्दाम बोलावून दाखवलं.

पण कोठाराचं दार अंगणात उघडतं. अंगणाच्या पलीकडे आमची छपरी. आणि छपरीत बाबांची खाट.

बाबा शाळामास्तर होते. रिटायर झाल्यापासून सकाळचा पेपर, रेडिओ आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं हे सगळं त्या खाटेवरून चालतं. दमा त्यांना दहा वर्षांपासून आहे. इन्हेलर खिशात, तक्रार शून्य. मागच्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर पिवळसर पावडर होती. रेडिओवर, पाण्याच्या तांब्यावरच्या पेल्यावर, सगळीकडे. आई दिवसातून तीनदा पुसायची. भाऊबीजेच्या रात्री त्यांना श्वास घेता येईना. गाडी काढून गडचिरोली गाठलं, तिथे नेब्युलायझर लावल्यावर पहाटे कुठे ते सलग एक वाक्य बोलले. ते वाक्य होतं, ‘‘दादाच्या मशीनचा काही संबंध नाही.’’

नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांना संबंध चांगलाच दिसला. त्यांनी घरी धूळ कसली असते म्हणून विचारलं, दादाने मोबाइलवर कोठाराचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि शांतपणे सांगितलं की धूळ आणि पेशंट यांना वेगळं करा, कसं ते तुम्ही ठरवा. परतीच्या वाटेवर आईने ठरवून टाकलं. ‘‘एक तर ते मशीन हलव, नाहीतर मी यांना घेऊन हिच्याकडे नागपूरला राहते.’’ माझं नागपूरचं घर म्हणजे एक खोली आणि ओटा. त्यामुळे या विषयात मला एकदम इंटरेस्ट आला!

दादाचं म्हणणं, डस्ट कलेक्टर लावू. पैसे त्याचे, पण डोकं माझं. ‘‘तू पत्रकार ना, माहिती काढ.’’ मास कॉमला आम्हाला हे शिकवलं नव्हतं, पण चार दुकानांत जाऊन एकच प्रश्न चार प्रकारे विचारणं नक्कीच शिकवलं होतं.

आधी थोडं धुळीविषयी. लाकूड रंधताना जमिनीवर पडणाऱ्या ढलप्या आणि भुसा, म्हणजे आपल्याला जो कचरा वाटतो तो, बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो. तो झाडता येतो. त्रास देते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि थेट फुप्फुसात उतरते. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या बनवणारं गाव. तिथल्या सुतारांमध्ये नाकाचा एक दुर्मीळ कॅन्सर जास्त दिसतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९६८ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आणि सागवान? त्याच्या तेलकटपणामुळे ते वाळवीला पुरून उरतं हे आपण कौतुकाने सांगतो. पण वाळवीला दूर ठेवणारी त्यातली काही द्रव्यं माणसाच्या कातडीलाही झोंबतात. सागावर काम करणाऱ्यांच्या हातांना खाज आणि पुरळ येणं ही जुनी गोष्ट आहे. गावातले म्हातारे सुतार त्याला ‘साग लागला’ म्हणतात.

म्हणजे बाबांच्या दम्यावर सुरू झालेला विषय दादाच्या नाकापर्यंत आला. त्याने लगेच ऑनलाइन दोन हॉर्सपॉवरचा डस्ट कलेक्टर मागवला. हे प्रकरण दिसायला सोपं. एक मोठा पंखा, त्याला खाली-वर दोन कापडी पिशव्या, पुढे एक तोंड. या तोंडापासून मशीनपर्यंत पाइप टाकायचा की झालं. व्हॅक्यूम क्लीनरशी याची गल्लत करायची नाही. व्हॅक्यूम क्लीनर थोडी हवा जोरात ओढतो. हा खूप हवा ओढतो, पण हलक्या जोराने. त्याला पाइप अरुंद मिळाला किंवा वाटेत कोपरे आले की तो लगेच दमतो. बाबांसारखंच.

त्यामुळे कुठला पाइप, हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाही.

बसस्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मी पहिली चौकशी केली. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे शेतकऱ्यांची गर्दी, मी सगळ्यांत मागे.

‘‘काय पायजे ताई? शेतीचा का बोअरचा?’’

‘‘काका, हवा न्यायचा पाइप पाहिजे.’’

‘‘हवा?’’

‘‘हवा आणि भुसा.’’

काकांनी गल्ल्यावरून मान वर केली. ‘‘हवेचा पाइप आपल्याकडं नाही जी. हा शेतीचा आहे, हा संडासाचा. यातून हवा न्या का हत्ती न्या, आपलं काही म्हणणं नाही.’’

गंमत म्हणजे उत्तर त्यांच्याच मांडणीवर पडलं होतं, फक्त ते ओळखायला मला दोन आठवडे लागले.

शेतीचा करडा पाइप स्वस्त आणि कुठेही मिळणारा. आमच्या तालुक्यात तो शेताच्या बांधावरही पडलेला असतो. पण त्याचा एल्बो म्हणजे काटकोन. पाण्याला आतून दाब असतो, त्याला काटकोनाचं काही वाटत नाही. हवेत उडणारी ढलपी मात्र त्या कोपऱ्यावर आपटते, तिथेच बसते, तिच्या मागे दुसरी. आठवडाभरात ट्रॅफिक जाम. संडासाचा पाइप, दुकानदारांच्या भाषेत एसडब्ल्यूआर, याचं गणित वेगळं. त्याला पाण्याबरोबर घन माल वाहून न्यायचा असतो आणि तोही दाबाशिवाय. म्हणून त्याचे बेंड सावकाश वळतात, त्याचा वाय तिरका येऊन मिळतो आणि काही बेंडना साफसफाईसाठी झाकण असतं. त्याला डोअर बेंड म्हणतात. भुसा अडकला तर झाकण उघडा, हात घाला, काढा. ज्याने हे फिटिंग बनवलं त्याच्या मनात सुतार नव्हता, पण सुताराचं काम झालं. यात दोन प्रकार येतात. बी टाइप जाड, मैल्यासाठी. ए टाइप पातळ, पावसाच्या पाण्यासाठी आणि संडासाच्या टाकीवरच्या हवेच्या नळीसाठी. ए टाइप मुळात हवेसाठीच आहे हे कळल्यावर मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मंग मी काय म्हटलं होतं?’’

नागपूरला एसीचे डक्ट करणाऱ्या एका वर्कशॉपमध्येही जाऊन आले. गॅल्वनाइज्ड पत्र्याचा स्पायरल डक्ट हा खरं तर या कामातला राजा. आतून गुळगुळीत, हवे तितके मोठे वळण, आग लागली तर वितळत नाही. मालक हौशी होते. ‘‘मॅडम, चोबीस गेज में बना देंगे, लाइफटाइम.’’ भाव मात्र पीव्हीसीच्या तिप्पट. शिवाय दोनशे किलोमीटर टेम्पोने आणायचा आणि उद्या दादाने मशीनची जागा बदलली (तो दर सहा महिन्यांनी बदलतो) की पुन्हा नागपूर. कारखान्यासाठी मी डोळे मिटून हाच सुचवेन. घरच्या कोठारासाठी जो पाइप बिघडल्यावर गावातच मिळतो, तो बरा.

फ्लेक्सिबल होज दादाने आधीच आणून ठेवला होता, पंधरा मीटर! आतून वायरच्या वळ्या असलेला, हत्तीच्या सोंडेसारखा. व्हिडिओत लोक तो सगळीकडे लोंबकळत सोडतात, कारण लावायला सोपा. पण त्या वळ्यांवर हवा घासत जाते. तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपच्या तुलनेत तिचं घर्षण साधारण तिप्पट. मशीन थरथरतं, सरकतं, तिथे शेवटच्या हातभर जोडापुरता होज लागतोच. बाकीचा बारा-तेरा मीटर आता मांजराचा बोगदा आहे.

पीव्हीसीला सगळे एकच आक्षेप घेतात, स्टॅटिक करंट. भुसा घासत जातो, प्लास्टिकवर विजेचा भार साठतो, ठिणगी पडेल, स्फोट होईल. मलाही भीती वाटली होती. खोलात गेल्यावर चित्र वेगळं निघालं. लाकडाच्या धुळीचा स्फोट व्हायला दर घनमीटर हवेत साधारण ४०-५० ग्रॅम बारीक धूळ लागते. म्हणजे इतका दाट ढग की पुढचा माणूस दिसणार नाही. घरच्या पाइपमधून वाहणाऱ्या हवेत इतकी धूळ नसते. खरा धोका कमी नाटकी आहे. जुन्या लाकडातला खिळा पंख्याच्या लोखंडी पात्यावर आपटतो, ठिणगी पिशवीत जाते आणि भुसा आतल्या आत धुमसतो. रात्री सगळे झोपल्यावर पेटतो. म्हणून जुनं लाकूड मशीनवर घ्यायच्या आधी चुंबक फिरवायचा आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करायची. स्टॅटिकचा चटका मात्र खरा आहे. पावसाळ्यात काही नाही, पण आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाइपजवळ हात नेला की केस उभे राहतात. पाइपवर उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली की चटके कमी होतात. हे आईला पहिल्याच दिवशी समजलं. ‘‘अव माय, हा करंट मारते!’’ म्हणून ती जी बाहेर पळाली ती महिनाभर कोठारात फिरकली नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग साइझचा प्रश्न आला आणि दोन भावंडांत चांगलीच जुंपली.

डस्ट कलेक्टरला चार इंची दोन तोंडं होती. दादाचं म्हणणं, तोंड चार इंची, गावात पाइप ११० मिलिमीटरचा मिळतो, म्हणजे साधारण चार इंची, विषय संपला. कागदावर हिशेब मांडला तर विषय तिथे सुरू होत होता. भुसा पाइपमध्ये न बसता उडत राहायला हवेला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो. ताशी ७२ किलोमीटर, आमच्या गडचिरोली बसपेक्षा नक्कीच जास्त. त्या वेगाने ११० च्या पाइपमधून मिनिटाला साधारण साडेतीनशे घनफूट हवा जाते. ढलप्या उचलायला ती पुरते. पण मशीनभोवती तरंगणारी बारीक धूळ खेचायची तर जाणकारांचा ठोकताळा त्याच्या दुपटीहून जास्त, आठशेच्या आसपास. १६० मिलिमीटरच्या पाइपमधून, त्याच वेगाने, जवळपास पावणेआठशे घनफूट जाते. व्यास दीडपटही नाही आणि हवा दुपटीहून जास्त, कारण तोंडाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. आणि तेवढीच हवा न्यायची तर घर्षण जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतं. आठवीच्या गणिताचा आयुष्यात उपयोग काय, असं विचारणाऱ्या दादाला मी हे दोनदा समजावलं.

म्हणजे चार इंची पाइपने कोठार स्वच्छ दिसलं असतं. फरशीवर ढलपी नाही, दादा खूश, फोटो झकास. आणि बाबांच्या छातीत जायची ती धूळ होती तिथेच राहिली असती. ती धोकादायक आहे हे आधीपेक्षा कमी लक्षात आलं असतं, एवढाच फरक.

‘‘मग आठ इंची घेऊ,’’ दादा म्हणाला. आयटीवाल्यांचं हे असंच, एकतर नाही, नाहीतर थेट टॉप मॉडेल. पण पाइप फार मोठा घेतला आणि पंखा तेवढाच राहिला तर हवेचा वेग पडतो, आणि वेग पडला की भुसा वाटेतच बसतो. दोन हॉर्सपॉवरचा पंखा प्रत्यक्षात जेवढी हवा ओढतो (डब्यावरचा आकडा बहुतेकदा पाइप न जोडता मोजलेला असतो, तो मनावर घेऊ नका) तेवढ्याला सहा इंच हेच गणित बसत होतं. दोन तोंडांचा तो चिमटा स्क्रू काढून वेगळा केला तर मागे पंख्याचं मूळ तोंड निघालं. ते सहा इंची होतं! कंपनीने सहाचे दोन चार करून दिले होते आणि आम्ही त्या चारवर भांडत होतो.

तरीही दादाची एक शंका रास्त होती. कलेक्टर मशीनला चिकटून ठेवला, पाइप दोन मीटर, तर ११० ने का भागणार नाही? भागलंही असतं. पण मग त्याच्या पिशव्या कोठारातच राहणार. आणि या मशीनबरोबर येणारी साधी कापडी पिशवी भुसा धरते, अगदी बारीक धूळ गाळून हवेबरोबर परत खोलीत सोडते. पंखा म्हणजे मग धूळ उडवणारं यंत्रच. परदेशी व्हिडिओंमध्ये यावर महागडे फिल्टर लावतात, कारण त्यांच्याकडे बाहेर बर्फ असतो. तापवलेली हवा बाहेर फेकणं त्यांना परवडत नाही, म्हणून तीच गाळून परत घेतात. चामोर्शीत खोली तापवायला पैसे लागत नाहीत, उन्हाळा फुकटात तापवतो. मग ती हवा परत आत कशाला घ्यायची? कलेक्टरच बाहेर ठेवायचा.

बाहेर म्हणजे कुठे? अंगणाकडची भिंत मशीनपासून तीन मीटरवर, पण तिच्या पलीकडे बाबांची खाट. मागची भिंत आठ मीटरवर. तिच्या मागे बोरीचं झाड आणि मोकळी जागा, शेजार नाही. बाबांना खाट हलवायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘तिकडे मागे मला कोण भेटणार?’’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. खाट हलणार नाही हे ठरलं म्हणून कलेक्टर मागे गेला. कलेक्टर मागे गेला म्हणून पाइप आठ मीटर आणि वर दोन वळणांचा झाला. आणि इतक्या लांबीला सहा इंचाशिवाय पर्याय उरला नाही. ए टाइप, १६० मिलिमीटर. पाइपचा साइझ असा शेवटी एका खाटेने ठरवला.

१६० चा पाइप काकांकडे होता, फिटिंग नव्हतं. ‘‘एवढ्या मोठ्या संडासाला गावात गिऱ्हाईक नाही ना जी.’’ त्यांनी नागपूरहून चार पंचेचाळीस अंशांचे बेंड आणि दोन वाय मागवले. काटकोनात वळायचं तिथे एका मोठ्या बेंडऐवजी पंचेचाळीसचे दोन, मध्ये वीतभर सरळ तुकडा. वळण जितकं सावकाश तितकी हवा कमी दमते. पाइप आला त्या दिवशी आई दारातच उभी. ‘‘संडासाचा पाइप घरात डोक्यावरून फिरवणार? देवघर केलं त्याच खोलीत?’’ पाइप नवा आहे, त्याला संडासाने अजून पाहिलेलंही नाही, वगैरे युक्तिवाद फोल गेले. शेवटी वहिनीने त्याला पिवळा ऑइलपेंट दिला. पिवळा असल्यावर तो संडासाचा राहिला नाही. कसं ते विचारू नका.

लावायचं काम गावातल्याच एका प्लंबरने आणि दादाने दोन रविवारांत केलं. प्लंबर सोल्युशनची डबी उघडून तयारच होता, त्याला आवरावं लागलं. हे जोड चिकटवायचे नाहीत. उद्या जागा बदलायची, आत काही अडकलं तर खोलायचं, म्हणून नुसते स्क्रू आणि वरून टेप. एक लांब जोड रबर रिंगचा ठेवला, कारण पत्र्याखाली पाइप तापून लांबतो. हिवाळ्यातली पहाट आणि मेमधली दुपार यांच्यात आठ मीटरला सहज दीड-दोन सेंटिमीटर. रिंगचा जोड तेवढं पोटात घेतो. कलेक्टरचं तोंड आणि पाइप यांच्यात जी दोन-तीन मिलिमीटरची फट उरली, ती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आणि वर क्लॅम्प आवळून बुजवली. इंच आणि मिलिमीटर यांचं आपल्या देशात कधीच जुळणार नाही, पण सायकलची ट्यूब आहे. प्रत्येक मशीनपाशी हवा बंद-चालू करायची सरकती गेट्स दादाने प्लायवूडची केली. एका वेळी एकच गेट उघडं, नाहीतर हवा वाटली जाते. बाहेर कलेक्टरवर पत्र्याचं छप्पर. घरचा वीजभार वाढवून घ्यावा लागला, तो अर्ज आणि त्याच्या फेऱ्या हा वेगळ्या लेखाचा विषय.

चाचणी उदबत्तीने. रंदा मशीनच्या पात्याजवळ उदबत्ती धरली, गेट उघडलं, धूर सरळ रेषेत आत गेला. पात्यापासून वीतभर लांब नेली, तरी वळून आत. हातभर लांब नेली तेव्हा मात्र धूर आपला वर छताकडे. म्हणजे पाइप कितीही चांगला असला तरी त्याचं तोंड धूळ उडते तिथेच हवं. म्हणून दादाने करवतीच्या खाली पत्र्याची पेटी करून तिथपर्यंत तोंड आणलं. दुसरी चाचणी रात्री. दिवे बंद करून कोठारात टॉर्चचा झोत सोडला. आधी त्या झोतात कण नुसते नाचायचे, सिनेमा थिएटरसारखे. आता तुरळक होते. तुरळक, शून्य नाही. त्यामुळे दादा मशीनवर असताना एन-९५ लावतो, आणि मशीन बंद केल्यावरही पंखा दहा मिनिटं चालू ठेवतो.

बाबांच्या तब्येतीचं श्रेय पाइपला देऊन मी मोकळी होणार नाही. औषधं बदलली, थंडी गेली, बरंच काही झालं. पण आई आता छपरी दिवसातून एकदाच पुसते आणि चष्म्यावर पावडर नसते, इतकं मी डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या पिशवीतला भुसा शेगडीत जाळायचा नाही, हा नवा नियमही आईचाच. एक धूळ आवरून दुसरा धूर कशाला! बाबा रविवारी सकाळी पाइपकडे बघत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून हवा किती जाते ते सांगतात. मास्तरकी सुटत नाही. आकडा दर वेळी थोडा वाढतो.

हार्डवेअरवाल्या काकांनी आता १६० चे दोन वाय दुकानात कायमचे ठेवलेत. कोनसरीला लोखंडाचा कारखाना आल्यापासून आजूबाजूला घरं वाढलीत, दारं-खिडक्यांची कामं वाढलीत. आमचं बघून एका जुन्या सुताराने त्यांच्याकडे चौकशीही केली म्हणे. ‘‘तो हवेवाला संडासाचा पाइप दाखवा.’’

एक काम राहिलंय, सँडरचं. सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत वाईट धूळ तोच करतो, आणि त्याचं तोंड जेमतेम अंगठ्याएवढं. एवढ्या अरुंद वाटेने ओढायला हलका जोर चालत नाही, तिथे आपला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनरच लागतो. तोवर सँडिंग बोरीखाली, मास्क लावून, बाबा दुपारी आत झोपल्यावर. घरात व्हॅक्यूम क्लीनर एकच आहे आणि तो वहिनीचा आहे. बोलणी चालू आहेत.